आईनंतर भावाला कोण सांभाळणार, आणि कुणाच्या पैशानं?

पत्र

ताई, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. मतिमंद आहे, प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलंय. स्वतः जेवतो, अंघोळ करतो, ओळखीच्या दुकानातून दूध आणतो. पण पैसे मोजता येत नाहीत, गॅस हाताळता येत नाही, एकटा राहू शकत नाही. अठरा वर्षांचा होईपर्यंत तालुक्याच्या विशेष शाळेत जायचा, तेव्हापासून घरीच आहे. बाबा जिल्हा परिषदेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई ६९ वर्षांची, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. तिला बाबांच्या मागे बावीस हजारांच्या आसपास पेन्शन मिळतं. मी पुण्यात असते. नोकरी, दोन मुलं, दोन खोल्यांचं घर. मिस्टर समजूतदार आहेत, पण त्यांचं म्हणणं, एखाद्या संस्थेत ठेवू. चौकशी केली तर महिना अठरा हजार आणि वर डिपॉझिट. संजय गांधी योजनेसाठी गेले, तर उत्पन्न जास्त म्हणून अर्जच घेतला नाही. टेबलावरचा माणूस म्हणाला, 'पेन्शन खाताय आणि वर अनुदानही पाहिजे?' येताना रिक्षात रडू आलं. आपल्या माणसाला आपणच सांभाळायला हवं ना? सरकारकडे मागणं चुकीचं आहे का? आणि मागायचं तर नक्की काय मागू?

— एक बहीण, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

मागणं चुकीचं नाही. हे आधी सांगते, कारण ते मनात पक्कं झाल्याशिवाय पुढच्या कार्यालयात तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि यापुढे तुम्हाला बऱ्याच टेबलांसमोर उभं राहायचं आहे.

'पेन्शन खाताय' म्हणणाऱ्या माणसानं एक हिशेब केलाच नाही. तुमचा भाऊ शाळेतून घरी आला, त्याला सोळा वर्षं झाली. इतकी वर्षं त्याला उठवणं, त्याचं खाणंपिणं आणि औषधं, दुपारी कंटाळून चिडला की त्याला कशात तरी गुंतवणं, गॅसपाशी जाऊ न देणं, रात्री आठवणीनं कडी लावणं हे सगळं तुमची आई करते आहे. निवासी संस्थेत याच कामाला पाळ्या लावून पगारी माणसं ठेवावी लागतात, म्हणून तर तुम्हाला अठरा हजार सांगितले. तुमची आई ते फुकट करते. सोळा वर्षं सरकारची बचत तिच्या गुडघ्यांवर झाली आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता नोंदवलेली माणसं देशात १५ लाखांहून जास्त होती, नोंद न झालेली वेगळीच. त्यांतली फार थोडी संस्थांमध्ये आहेत. बाकीची कुणाची तरी आई, बहीण, वहिनी यांच्या भरवशावर जगतात.

आपल्या माणसाला आपण सांभाळायला हवं, हे खरंच. तुम्ही सांभाळताच आहात. पण सांभाळणं म्हणजे त्याचे सगळे तास आणि सगळा खर्च एकाच घरानं उचलायचा, हे मला मान्य नाही. गावातली पोरं शिकवण्याचा पगार तुमच्या बाबांना आयुष्यभर सरकारनं दिला. त्यामुळे त्या पोरांच्या आईबापांनी जबाबदारी झटकली, असं कुणी म्हणालं नाही. मग तुमच्या आईची वेळ आली की हा प्रश्न का उठतो?

कायदाही तुमच्या बाजूनं बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. एखाद्याच ठिकाणी राहा अशी सक्ती दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही, आणि घरी मिळणारी मदत, निवासी सोय, मदतनीस अशा सेवा तिला उपलब्ध करून द्यायच्या आहेत. चोविसावं कलम सामाजिक सुरक्षेचं. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी सांभाळणाऱ्याचा भत्ता त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी, असंही तिथंच म्हटलं आहे. मात्र याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी शब्दयोजना आहे, आणि सगळी सरकारं तिच्या आडोशाला उभी राहतात. तरी करायचं म्हटलं तर करता येतं. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' नावाच्या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम अगदीच तुटपुंजी आहे. पण ती सांभाळणाऱ्या माणसासाठी निघते, म्हणजे तिच्या कामाची सरकारदरबारी नोंद तरी होते. आपल्याकडे तुमच्या आईची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता आपल्या राज्यात पैसा जातो कुठे, ते सांगते, म्हणजे तुमच्या वाट्याला काहीच का आलं नाही ते कळेल. तो मुख्यतः शाळांकडे आणि मुलांकडे जातो. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, तीही एका आईवडिलांनी आपल्या लेकीसाठी काढलेली. पुढं गावोगावी अशा शाळा निघाल्या, बऱ्याचशा पालकांच्या आणि शिक्षकांच्या खटपटीनं, आणि सरकारनं त्यांतल्या काहींना अनुदान दिलं. हे मोठं काम झालं, त्याला कमी लेखू नये. तुमच्या भावाला दात घासायला, शर्टाची बटणं लावायला, दूध आणायला कुणी शिकवलं असेल ते तिथंच. पण अठरा वर्षं झाली की ही वाट संपते. पुढं हाताला काम शिकवणाऱ्या कर्मशाळा आहेत, त्याही मोजक्या आणि बहुतेक मोठ्या गावांत. बाकी घर आणि टीव्ही.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं सांभाळली, त्यांच्या कागदांवर वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची जुनी मागणी ही की, अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडायला लावलेल्या बौद्धिक दिव्यांग मुलानं जायचं कुठे, त्याच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा. सन्मान झाला, मागणी अजून तशीच आहे. अठराव्या वाढदिवसाला कुणाची बुद्धी रातोरात वाढत नाही, पण सरकारी खर्चाची रचना तसंच काहीतरी होतं असं धरून केलेली आहे. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे, की प्रौढांसाठीचा खर्च त्यानं वेगळा मांडावा.

आता संजय गांधी निराधार योजना. यात दिव्यांगांना महिना १,५०० रुपये मिळायचे, ते २०२५ साली २,५०० केले. वाढ चांगली आहे. पण दिव्यांगांसाठीही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपयेच आहे. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. घरात कुणी एक माणूस पाच हजार कमावत असेल तरी घर अपात्र. तुमच्या आईला बावीस हजार मिळतात, तेव्हा तिथं अर्ज टिकणार नव्हता. तुमच्याशी बोलण्याची ती पद्धत मात्र नव्हती. मला खटकतं ते वेगळंच. ३४ वर्षांचा पुरुष, त्याला स्वतःची एक रुपयाची कमाई नाही, तरी त्याची गरिबी मोजायची ती आईच्या उत्पन्नावरून. दुसऱ्या कुठल्या चौतीस वर्षांच्या माणसाला आपण असं मोजतो?

तुम्ही कदाचित केंद्राच्या दिव्यांग पेन्शनबद्दलही ऐकलं असेल. इंदिरा गांधींच्या नावाची ती योजना. तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच. त्यासाठी दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं आणि दिव्यांगत्व ८० टक्के लागतं. इथं तुमच्या भावाच्या प्रमाणपत्रावरचा ७५ आकडा नीट समजून घ्या. बौद्धिक अक्षमतेत टक्के सरकत्या पट्टीवर मिळत नाहीत. ठरलेले टप्पे आहेत: सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. मध्यम गटातला माणूस एकटा राहू शकत नाही, पैशांचा व्यवहार करू शकत नाही, त्याला रोज कुणीतरी सोबत लागतं, आणि तरी तो ८० च्या रेषेच्या अलीकडेच राहतो. प्राप्तिकरातही तेच. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या खर्चासाठी ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के असेल तर सव्वा लाखाची. त्यात भाऊ-बहीणही धरतात, पण तो मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असायला हवा आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडलेली असायला हवी. आज तो आईवर अवलंबून आहे, तेव्हा हे पुढं कधीतरी. टक्के वाढवून देतो म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

इथवर सगळं नाहीचंच सांगत आले. आता आहे ते सांगते, आणि हे वाचताना आईला शेजारी बसवा.

तुमचे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला ११६ वा नियम कुटुंब निवृत्तिवेतनाचा आहे. कर्मचाऱ्याचं अपत्य बौद्धिक किंवा शारीरिक अक्षमतेमुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर त्याला हे पेन्शन आयुष्यभर मिळू शकतं. आज ते आईला मिळतंय. तिच्यानंतर तुमच्या भावाला मिळू शकतं, महागाई भत्त्यासकट. तुम्हाला ज्या अठरा हजारांनी घाबरवलं आहे, तेवढी सोय तुमच्या घरात आधीच आहे. मला वाटतं, तुमच्या पत्रातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तुम्हाला ती कुणी सांगितलेलीच दिसत नाही.

पण ते आपोआप होत नाही. बाबांनी निवृत्तीच्या वेळी कुटुंबाच्या माहितीचा जो कागद भरला, त्यात भावाचं नाव आणि त्याच्या दिव्यांगत्वाची नोंद होती का, ते आधी बघा. नसेल तर ज्या कार्यालयातून आईचं पेन्शन निघतं तिथं आईच्या सहीचा अर्ज आत्ता द्या, ती हिंडती-फिरती असताना. सोबत भावाच्या जन्मतारखेचा पुरावा, दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. शिवाय जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो, आणि इथंच पुष्कळ प्रकरणं अडकतात. नुसते ७५ टक्के लिहिलेला कागद पुरत नाही. 'ही व्यक्ती स्वतःची उपजीविका करू शकत नाही' असं त्यात म्हटलेलं असावं लागतं. तो दाखला मागताना नियमाची झेरॉक्स बरोबर न्या. आई गेल्यावर हे सगळं करायला निघालं, तर कागद जमेपर्यंत महिने जातात, आणि त्या महिन्यांत भावाचा खर्च तुमच्या अंगावर पडतो.

त्याच्या जोडीला पालकत्व. अठरा वर्षांपर्यंत आईवडील नैसर्गिक पालक असतात, त्यानंतर कायद्याच्या नजरेत तुमचा भाऊ सज्ञान आहे आणि त्याच्या वतीनं बँकेत सही करण्याचा अधिकार आपसूक कुणालाच नाही, आईलाही नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, या कायद्यानं उभ्या केलेल्या राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक नेमण्याचा अर्ज तिथं करायचा. कोर्टात जावं लागत नाही, वकीलही लागत नाही. आज आईला पालक करून घ्या, आणि आपल्यानंतर लेकीला पालक नेमावं ही इच्छा आईनं मृत्युपत्रात लिहून ठेवावी. त्या वेळी तुम्हाला पुन्हा अर्ज करावा लागेल, पण आईचं लेखी म्हणणं हाताशी असेल. पालक झालं म्हणजे भावाच्या वाट्याच्या मालमत्तेचं मालक झालं, असं नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दरवर्षी हिशेब. हे तुमच्या मिस्टरांनाही वाचून दाखवा, आणि गावाकडे भाऊबंद असतील तर त्यांनाही कळू द्या. मागाहून होणारे पुष्कळसे गैरसमज इथंच मिटतात.

आरोग्यासाठी याच न्यासाची 'निरामय' योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार, औषधं, थेरपी यांचाही खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. हप्ता अगदी किरकोळ. साधारणपणे आधी खिशातून पैसे द्यायचे आणि मग बिलं पाठवायची, त्यामुळे प्रत्येक बिल जपून ठेवा. जवळच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज होतो. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

आता संस्थेचं. मिस्टरांनी संस्थेचं नाव काढलं म्हणून त्यांच्यावर रागावू नका, आणि तुमच्याही मनात तो विचार आला असेल तर स्वतःला दोष देऊ नका. पुण्याजवळ मारुंजीचं 'नवक्षितिज', बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' अशा प्रौढांच्या निवासी संस्था आपल्याकडे उभ्या राहिल्या, 'आधार' आणि 'घरकुल' तर पालकांनीच एकत्र येऊन उभारल्या. जाऊन बघा. तिथं राहणारी मोठी माणसं कामं करतात, सण साजरे करतात, एकमेकांशी भांडतात आणि मैत्रीही करतात. तुमच्या भावाला गेली सोळा वर्षं आईशिवाय एकही मित्र नाही, याचाही विचार व्हायला हवा.

पण सगळ्या संस्था तशा नसतात. कळंबोलीच्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ मध्ये उघडकीला आले, तेव्हा तपासण्या कागदावरच होत होत्या हेही कळलं. म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तशी नोंदणी सक्तीची करतो. न कळवता जा, जेवणाच्या वेळेला. संडास-बाथरूम बघा. रात्री किती माणसांमागे एक कर्मचारी असतो ते विचारा. घरच्यांना हवं तेव्हा भेटू देतात का, फोन देतात का, ते विचारा. जी संस्था 'आधी कळवून या' असं ठासून सांगते, तिथं माझ्या माणसाला मी ठेवणार नाही.

भावाला कायमचं कुठे ठेवायचं की नाही, हा निर्णय लगेच करू नका. आईच्या ऑपरेशनच्या काळात दीड-दोन महिने त्याला अल्पकाळ ठेवून बघा. न्यासाच्या 'समर्थ' आणि 'घरौंदा' या योजना याच कामाच्या आहेत, पहिली तात्पुरत्या निवाऱ्याची, दुसरी प्रौढांच्या कायम निवासाची. केंद्रं थोडी आहेत, चौकशी लवकर सुरू करा. ऑपरेशनआधी चार-दोन वेळा त्याला तिथं नेऊन आणा, एक रात्र राहू द्या, आणि आल्यावर त्याला विचारा. तो सगळं वाक्यात सांगू शकणार नाही, पण पुन्हा बॅग भरायला घेतली की तो कसा वागतो, ते तुम्हाला कळेल. त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे घेऊ नये. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसालाही आवडनिवड असते आणि कायद्यानंही ती मानली आहे.

आता तुमच्या घराबाहेरचं बोलते. तुमच्या भावाला बाबांच्या नोकरीमुळे पेन्शन मिळेल. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत असलेल्या कामगाराच्या पूर्णतः अक्षम अपत्यालाही तशी तरतूद आहे. पण त्याच्याबरोबर त्याच शाळेत बाकावर बसणारा मुलगा, ज्याची आई भाजी विकते किंवा रोजानं शेतात जाते, त्याचं काय? दोघांची गरज एकच. एकाला बावीस हजार, दुसऱ्याला उत्पन्नाचा दाखला मिळाला तर अडीच हजार, नाही मिळाला तर शून्य. बापाची नोकरी कुठली होती यावरून माणसाच्या म्हातारपणाची सोय ठरावी, हे मला कधीही पटलेलं नाही. म्हणून तुम्हाला एक जास्तीचं काम सांगते, आणि ते तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं.

पैसे हातात देण्यापेक्षाही प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या घरांना जास्त गरज असते ती दिवसा जायच्या एका जागेची. सकाळी दहाला घरातून निघायचं, चारला परत यायचं. तिथं पणत्या रंगवणं, फाइली चिकटवणं, भाजी निवडणं, व्यायाम, गाणी, काहीही. त्या सहा तासांत आई दवाखान्यात जाऊ शकते, झोपू शकते, बहीण नोकरी करू शकते. आणि त्याला दिवस मिळतो. अशी जागा असेल तर पुष्कळ घरांना निवासी संस्थेची गरज कितीतरी वर्षं पुढं ढकलता येते. सरकारच्या दृष्टीनंही हे निवासी सोयीपेक्षा स्वस्त आहे.

याला पैसा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. पूर्वी ते ३ टक्के होते. समजा, तालुक्याच्या नगरपरिषदेचं स्वउत्पन्न ६ कोटी आहे, तर त्यातले ३० लाख दरवर्षी यासाठी निघायला हवेत. वीस जणांचं दिवस केंद्र, दोन शिक्षिका, एक मदतनीस, नेण्या-आणण्याला एक गाडी, जागा पालिकेची, असं धरलं तर महिना ऐंशी हजारांत चालू शकतं. वर्षाला साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे तीस लाखांतला तिसरा हिस्सासुद्धा जात नाही.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा निधी वर्षाअखेरीस थोडी थोडी रक्कम वाटून किंवा साहित्यवाटपाचा कार्यक्रम घेऊन संपवतात, आणि काही ठिकाणी तो तसाच पडून राहतो. वाटप झालं की फोटो निघतात आणि यादी पूर्ण होते. ज्याला चालता येत नाही त्याला तीनचाकी मिळाली, हे चांगलंच झालं. पण तुमच्या भावाला तीनचाकीचा काय उपयोग? दिव्यांगांच्या बैठकीत तो स्वतः उठून बोलू शकत नाही, म्हणून त्याची गरज यादीत येतच नाही. त्याच्या वतीनं आईनं आणि बहिणीनं बोलायचं.

ते असं करा. आईला आणि भावाच्या जुन्या शाळेतल्या बाईंना विचारून, त्याच्या बरोबरीच्या आणि मागच्या-पुढच्या मुलांची नावं काढा. दहा-बारा घरं तरी नक्की सापडतील, आणि बहुतेक घरांत तुमच्या आईसारखीच एक थकलेली बाई असेल. त्यांना एकदा एकत्र बसवा, शाळेतच बसवा. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधीची तरतूद किती, खर्च किती, कशावर, शिल्लक किती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर हातात घेऊन, सगळ्या घरांच्या सह्यांनिशी मुख्याधिकाऱ्यांकडे दिवस केंद्राची लेखी मागणी करा. चालवायला संस्था लागेल. भावाची शाळा ज्या संस्थेची आहे तिलाच आधी विचारा, तिच्याकडे शिक्षक आहेत, कदाचित दुपारनंतर रिकामे वर्गही आहेत. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेतून अशा संस्थांना मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं; प्रौढांचं दिवस केंद्र त्यात बसतं का, ते आधी विचारून घ्या. पण ते पैसे हाती यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षाचा भार पालिकेनं उचलावा, असं मागणीपत्रात स्पष्ट लिहा. तुम्ही पुण्यात असलात तरी पत्रं लिहिणं, अर्ज करणं, पाठपुरावा ठेवणं हे तुम्हाला जमेल. गावातल्या बायकांना मोर्चा काढा म्हटलं तर त्या घाबरतील, पण आपल्या मुलाला घेऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर बसायला त्या येतील. मुलांना घेऊनच जा. त्यांना लपवून मागणी करू नका.

पालिकेनं नाही म्हटलं, तर ते लेखी मागा. लेखी नकार घेऊन पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते. तुम्ही पुण्यातच आहात, ते काम तुमच्याकडे ठेवा.

कामांचा क्रम सांगते. पहिल्यांदा आईच्या सहीचा पेन्शनचा अर्ज, त्याच आठवड्यात शल्यचिकित्सकांच्या दाखल्यासाठी तारीख. मग स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज आणि 'निरामय'. हे तीन कागद मार्गी लागल्याशिवाय आईला ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ देऊ नका, म्हणजे तिलाही धाकधूक राहणार नाही. दिवस केंद्राचं पत्र मात्र डिसेंबरच्या आत नगरपरिषदेत पोहोचायला हवं, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतं आणि त्यात या खर्चाचं शीर्षक पडलं नाही तर अख्खं वर्ष जातं. पत्राच्या दोन प्रती न्या, आणि एका प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.